टिटिकाका सरोवरातील बेटे

दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, अँडीज पर्वताच्या उंच पठारावर, टिटिकाका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,८१२ मीटर. आपल्या कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले, तरी त्याचा माथा या सरोवराच्या पाण्यापर्यंत पोचणार नाही! येथील हवा विरळ आहे. नवखा माणूस चार पावले भरभर चालला, की त्याला धाप लागते. दिवसा ऊन भाजून काढते आणि रात्री थंडीने हातपाय गारठतात. अशा ठिकाणी माणसे का बरे राहिली असतील? याचे उत्तर पाण्यातच आहे. एवढा मोठा जलाशय दिवसाची ऊब साठवून ठेवतो. त्यामुळे काठावर व बेटांवर थंडीचा कडाका थोडा कमी होतो आणि बटाटे, सातू, क्विनोआ ही पिके हाती लागतात.

पेरूमधील पुनो शहरातून होडीने निघाले, की थोड्याच वेळात उरू लोकांची बेटे दिसू लागतात. ही बेटे निसर्गाने घडविलेली नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. सरोवराच्या उथळ भागात तोतोरा नावाचे उंच लव्हाळे उगवते. त्याच्या मुळांचे दाट, हलके थर पाण्यावर तरंगतात. उरू लोक या थरांचे मोठे ठोकळे करवतीने कापतात, दोरांनी एकमेकांस घट्ट बांधतात आणि त्यांवर कापलेला तोतोरा आडवा-उभा अंथरतात. बेट वाहून जाऊ नये म्हणून ते खुंट रोवून जखडतात. खालचा तोतोरा सतत कुजत असतो, म्हणून वर नवा थर घालावाच लागतो. हे काम कधीच संपत नाही. घरे तोतोराची, होड्या तोतोराच्या आणि त्याचा कोवळा पांढरा बुंधा खाण्याचा! चूल मात्र दगडावर मांडतात. नाहीतर सगळे बेटच पेटायचे. दोन कुटुंबांचे पटेनासे झाले, तर बेट करवतीने कापून वेगळे होतात, असेही सांगतात.

या सरोवरावरच्या कारागिरांची कीर्ती दूरवर गेली. नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल यांनी १९७० साली 'रा २' या पपायरसच्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडला. ती नौका बांधण्यासाठी त्यांनी टिटिकाकाकाठच्या आयमारा कारागिरांना मोरोक्कोपर्यंत नेले होते.

आणखी पुढे गेले, की ताकिले हे डोंगराळ बेट लागते. धक्क्यापासून गावापर्यंत दगडी पायऱ्यांची लांबच लांब चढण आहे. येथे विणकाम पुरुष करतात! मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात आणि चालता-बोलता टोप्या विणतात. स्त्रिया सूत काततात व जुन्या पद्धतीच्या मागावर कापड विणतात. त्यांच्या रुंद कमरपट्ट्यावर वर्षभराच्या शेतीची आणि सणांची चित्रे असतात; म्हणजे ते कमरेला बांधलेले पंचांगच म्हणावयाचे. या कलेचा युनेस्कोने २००५ साली गौरव केला.

आता या बेटांवर पुष्कळ प्रवासी येतात. पाहुण्यांसाठी सारा देखावा मांडला जातो, असे म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्यांना केवळ मासे आणि पक्षी यांवर दिवस काढावे लागत, त्यांनी आपली कला दाखवून चार पैसे मिळविले, तर त्यात कमीपणा कसला?

खरी काळजी पाण्याची आहे. काठच्या शहरांचे सांडपाणी सरोवरात येते. २०२३ साली पाऊस फारच कमी झाला, पाणी ओसरले, काठाजवळचा तोतोरा वाळला आणि होड्या कोरड्या चिखलात रुतून बसल्या. बेटाचा खालचा थर मात्र त्याही दिवसांत कुजतच असतो. हिरवा तोतोरा जवळ मिळाला नाही, तर तो दुरून कापून आणावा लागतो.