टेबलाखाली वाकल्याशिवाय भाव बोलू नये

घर घेतलंस, बेसमेंट ऐसपैस आहे, आता पूल टेबल हवं म्हणतोस. घे की. पण कोरं करकरीत घेऊ नकोस. इकडे कॅनडात लोक हौसेने टेबल आणतात, पोरं दोन हिवाळे खेळतात, मग त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग पडायला लागतात. किजिजी या जाहिरातींच्या साइटवर अशी टेबलं सतत दिसतात. तुझे आतोबा आणि मी ओळखीपाळखीत बरीच टेबलं घेऊन दिली आहेत, म्हणून आत्याचं चार गोष्टींपुरतं ऐक.

जाहिरात उघडण्याआधी टेप घेऊन खाली जा. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा असते ४४ बाय ८८ इंच. क्यू साधारण ५८ इंचांचा. तो दोन्ही बाजूंना धर, म्हणजे खोली निदान तेरा फूट चार इंच बाय सतरा फूट हवी, आणि हात मागे न्यायला त्याहून थोडी जास्तच. आपल्या घरांत मधोमध तो लोखंडी खांब उभा असतो, तोही धरायचा. जागा बसली नाही तर सात फुटी बघ. भिंतीजवळ आखूड क्यूने खेळता येतं असं विकणारा सांगेल. त्याला खेळायचं नसतं, विकायचं असतं.

आता टेबल बघायला गेलास की वरचं लाकूड, कातडी पॉकेटं, कोरीवकाम याकडे लक्षच देऊ नकोस. मोबाइलचा उजेड घे आणि सरळ टेबलाखाली शीर. खरी किंमत तिथे आहे. दगड आहे का ते बघायचं. चांगल्या घरगुती टेबलात स्लेटचे तीन तुकडे असतात, त्यांचे दोन सांधे खालून दिसतात. पॉकेटजवळ कापडाच्या कडेखाली बोट घाल, दगड असेल तर गार लागेल. जाडी विचार: पाऊण इंच की एक इंच? एक इंचाचं उत्तम, पाऊण इंचाचं घरच्याला पुरे. ‘स्लेट्रॉन’, ‘पर्मास्लेट’ असलं काही ऐकू आलं तर समजून जा की दगड नाही. दाबलेल्या भुशाची फळी दमट बेसमेंटमध्ये फुगते, मध्ये बसते, आणि बसली की तिला इलाज नाही. असं टेबल पोरांना चेंडू ढकलायला शंभर डॉलरला ठीक, त्यावर मजुरी खर्च करू नये.

दगड असला आणि चेंडू एका बाजूला घरंगळत गेला, तर घाबरू नकोस. ते लेव्हलचं काम आहे, नव्या जागी मांडताना पुन्हा करावंच लागतं. सांध्यावर चेंडू उडी मारतो, तेही मेणाने भरून निघतं. पण दगडाला तडा असला किंवा खालची चौकट वाकलेली असली, तर चहा पिऊन निघून ये.

मग कुशन. एक चेंडू लांबीच्या दिशेने जोरात मार. जिवंत रबर असेल तर तो या टोकाकडून त्या टोकाला चार वेळा तरी जातो. दोनातच दमला तर रबर म्हातारं झालंय. एकच बाजू ठस्स वाजत असेल तर बहुधा बोल्ट ढिले, ती किरकोळ गोष्ट. सहाही बाजू मेल्या असतील तर मोठा खर्च.

कापडाचं गणित लोक उलटं करतात. विकणारा सांगतो, कापड गेल्याच वर्षी घातलं. असेल. पण तीन तुकड्यांचं टेबल हलवायचं म्हणजे कापड काढावंच लागतं, आणि गोंदाने चिकटवलेलं असेल तर ते धड निघत नाही. म्हणून नव्या कापडाचे वरचे पैसे देऊ नकोस आणि फाटक्या कापडावरून फार घासाघीसही करू नकोस.

भाव असा काढायचा. गावातल्या दुकानात तसलंच जुनं टेबल नव्या कापडासकट घरी मांडून केवढ्याला देतात, ते विचार. समज, २,५०० डॉलर. हलवून मांडायला ६०० सांगितले, कापडाचे ५००. उरले १,४००. ही तुझी कमाल, भाव नव्हे. रबर गेलं असेल तर तेही वजा कर. आणि दुकानदाराची हमी तुला मिळणार नाही, त्याचे दोनशे आणखी. ऑन्टॅरिओत घरगुती विक्रीवर एचएसटी हा विक्रीकर लागत नाही, पण मांडणाऱ्याच्या बिलावर १३ टक्के लागतो, तो विसरू नकोस. सुटं करून गॅरेजमध्ये ठेवलेलं टेबल असेल तर याच्या निम्म्यावर बोल, कारण त्याचं काहीच तपासता येत नाही.

नावाला भुलू नये. ब्रन्सविक ही १८४५ची कंपनी, जुनी टेबलं दणकट; पण त्याच नावाखाली बिनदगडाची घरगुती टेबलंही विकली गेली आहेत. किस्से तर कानाआड कर. या देशातल्या जुन्या टेबलांपैकी निम्म्यांवर म्हणे क्लिफ थॉर्बर्न खेळून गेला! माणूस मोठा, १९८०चा स्नूकरचा जगज्जेता; पण त्याचे दोनशे डॉलर का द्यायचे? आपल्या पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, म्हणून पुण्याच्या क्लबातलं प्रत्येक टेबल सोन्याचं होत नाही. स्नूकरवरून आठवलं, बारा फुटी टेबल फुकट मिळेल, मोहात पडू नकोस. त्याला साडेपंधरा फूट बाय एकवीस फुटांच्या वर खोली लागते. म्हणूनच ते फुकट असतं.

वेळ साधावी. घर विकलंय आणि ताबा द्यायची तारीख जवळ आलीये, असा माणूस शोध. नवा मालक म्हणतो टेबल नको, मग याची झोप उडते. जूनअखेर अशा जाहिराती वाढतात. मॉन्ट्रियलला तर १ जुलैला निम्मं शहर घर बदलत असतं. बोलताना मालाला नावं ठेवू नकोस, इथल्या माणसांना ते लागतं. नुसता मांडणाऱ्याने दिलेला आकडा दाखव आणि गप्प बस.

क्यू, दिवा, वरची टेबलटेनिसची फळी हे सगळं भावात धरू नकोस, मागून घे. चेंडू मात्र बघ. अ‍ॅरामिथचे असले तर थोडं ढिलं सोड.

उचलायला मित्र बोलावू नकोस. दगडाचा एकेक तुकडा साठ ते पंचाहत्तर किलोंचा, आणि आपले जिने वळणाचे. जाणता माणूस लाव, इसार थोडा दे, बाकीचे पैसे माल गाडीत चढल्यावर. सुटं करण्याआधी तिन्ही तुकड्यांना खालून खडूने क्रमांक घाल, दिशाही लिही आणि फोटो काढून ठेव.