दुरुस्तीनें झालेला बिघाड



यंत्र बिघडलें म्हणजे दुरुस्त करावें, हा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे. परंतु चांगल्या चाललेल्या यंत्रांत दुरुस्ती घालतांच तें बंद पडावें, असेंही घडतें. आणि मग दोष कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ रोजीं हा प्रश्न साऱ्या जगापुढें आला.

त्या दिवशीं आपल्या लोणीहून फार दूर नसलेल्या लोहगांव विमानतळावर, तसेंच मुंबईस, उड्डाणें रखडलीं. कांहीं रद्द झालीं. देशांत कित्येक ठिकाणीं उतारूंस प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. जगभर सुमारें ८५ लक्ष संगणक निकामी झाले. हा शत्रूचा हल्ला नव्हता. हल्ल्यांपासून रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें धाडलेली एक लहानशी फाईल त्यास कारण झाली.

संगणकाचे सर्व कार्यक्रम कार्यप्रणालीच्या आधारें चालतात. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. साधा कार्यक्रम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. गाभ्यांत चूक झाली तर अधिक नासधूस टळावी म्हणून विंडोज सारेंच काम थांबवून निळा पडदा दाखविते. या रक्षक कार्यक्रमास गाभ्यांतच जागा दिलेली होती. त्याच्या नियमांत २१ रकाने होते. माहिती मात्र २० रकान्यांचीच पुरविली जात असे. एकविसाव्यांत पूर्वीं 'कांहींही चालेल' असेंच असल्यामुळें ही उणीव झांकून राहिली. त्या दिवशींच्या नव्या नियमानें एकविसावी माहिती मागितली, ती नव्हतीच. कार्यक्रमानें हद्दीबाहेरील स्मृतींत हात घातला आणि यंत्र कोसळलें. पुन्हां सुरू करावें, तों पुन्हां तोच निळा पडदा!

आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं सुटलेली ही फाईल कंपनीनें ७८ मिनिटांत मागें घेतली. पण जें यंत्र सुरूच होत नाहीं, त्यास सुधारलेली फाईल पोंचणार कशी? असंख्य ठिकाणीं माणसांस एकेका यंत्रापाशीं जाऊन ती पुसावी लागली.

आतां दोषाचा विचार करूं. पहिला दोष कंपनीचा. तिचा तपासणी करणारा कार्यक्रमच सदोष होता. शिवाय फाईल सर्वांस एकदमच धाडली गेली. आपल्याकडील जाणता शेतकरी नवें औषध आधीं उसाच्या एका सरीवर मारून पाहतो व मगच सारा फड फवारतो. एवढी सावधगिरी येथें राहिली नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें कंपनीच्या अधिकाऱ्यानें अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढें क्षमा मागितली.

दुसरा प्रश्न मायक्रोसॉफ्टला: परक्यास गाभ्यांत कां येऊं दिलें? तिनें युरोपीय आयोगाशीं २००९ सालीं झालेल्या समजुतीकडे बोट दाखविलें. स्वतःच्या रक्षक कार्यक्रमांस जी मोकळीक, तीच इतरांसही द्यावी, असें तींत ठरलें होतें. हेतु न्याय्य होता. तथापि एक खांब ढळतांच सारें घर पडूं नये, हें पाहणें घर बांधणाराचेंच काम.

तिसरा पक्ष वापरणाराचा. सुमारें ७,००० उड्डाणें रद्द करावीं लागलेल्या डेल्टा विमान कंपनीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें क्राउडस्ट्राइकवर दावा लावला. इतर कंपन्या लवकर सावरल्या, तुम्हीच कां मागें राहिलां, असा तिला उलट सवाल झाला. परंतु सावधपणानें एक आवृत्ति मागें राहणारांसही ही फाईल मिळालीच, कारण अशा फाईली लांबणीवर टाकण्याची सोयच नव्हती. ज्याच्या हातीं नकार नाहीं, त्यास मुख्य दोषी म्हणणें न्यायाचें नव्हे. सावरण्याची तयारी न ठेवणें, एवढीच त्याची उणीव.

म्हणून दुरुस्त्याच नकोत, असें मात्र म्हणूं नये. जून २०१७ मध्यें एका घातकी कार्यक्रमामुळें न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. तो ज्या वाटांनीं पसरला, त्यांतील एक बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती.

तेव्हां पालकांनीं व मुलांनीं दुरुस्त्या अवश्य घ्याव्या. पण महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत आधीं निराळी ठेवावी. आणि जो विद्यार्थी पुढें असे कार्यक्रम रचील, त्यानें हें ध्यानांत धरावें कीं, ज्याच्या एका आज्ञेनें लक्षावधि यंत्रें हलतात, त्यानें ती आज्ञा सोडण्यापूर्वीं तितक्याच वेळां विचार करावा. जितका अधिकार मोठा, तितका दोषाचा वांटाही मोठा.