ब्राझीलचं स्वस्त विमान: तिकिटाच्या पुढचा हिशेब

ब्राझील बघायला निघालेल्या माणसाला देशांतर्गत विमान टाळता येत नाही. साओ पावलोहून ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मानाउसला विमानानेच जवळजवळ चार तास लागतात, आणि लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे या देशात नावालाच उरली आहे. मग आपण संकेतस्थळं चाळतो, 'लो-कॉस्ट' म्हणून गोल या कंपनीचं नाव पुढे येतं, पहिल्या पानावरचा आकडा बघून बरं वाटतं. त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, याचा हा हिशेब.

आधी एक अपेक्षा खाली आणायला हवी. मुंबई-नागपूर किंवा पुणे-दिल्ली मार्गावर मिळतात तशी भाडी इथे सहसा मिळत नाहीत. गोलने जानेवारी 2001 मध्ये पहिलं विमान उडवलं. बसव्यवसायातून आलेल्या कुटुंबाची ही कंपनी, एकाच जातीची बोइंग 737 विमानं, साधी सेवा, कमी भाडं, असा तिचा सुरुवातीचा घाट होता. 2008 मध्ये अझुल आली. तिचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी त्याआधी अमेरिकेत जेटब्लू सुरू केली होती. या दोघी आणि लाताम मिळून आज जवळजवळ सगळी देशांतर्गत वाहतूक सांभाळतात. इंधन आणि विमानांची भाडी डॉलरच्या तालावर नाचतात, तिकिटं मात्र रेआलमध्ये विकावी लागतात. तिन्ही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षण मागितलं: लातामने 2020 मध्ये, गोलने जानेवारी 2024 मध्ये, अझुलने मे 2025 मध्ये. लाताम 2022 मध्ये आणि गोल जून 2025 मध्ये त्यातून बाहेरही पडली. दिवाळखोरी हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही, या काळात तिघींची विमानं उडतच होती. पण अशा बाजारात भाडी फार उतरत नाहीत, आणि आजची 'स्वस्त' कंपनी नि 'महाग' कंपनी यांतला फरक कागदावर वाटतो तेवढा राहिलेला नाही. खरा फरक पडतो तो बॅगेमुळे आणि विमानतळामुळे.

बॅगेचं आधी बोलू, कारण आपल्याकडचा माणूस इथेच हमखास फसतो. भारतात देशांतर्गत तिकिटावर साधारण 15 किलोची बॅग फुकट जाते, म्हणून ती गृहीत धरायची सवय लागलेली असते. ब्राझीलमध्ये 2017 पर्यंत 23 किलो फुकट होतं. त्या वर्षी नियम बदलला आणि तेव्हापासून आत टाकायच्या बॅगेचे पैसे वेगळे. गोल आणि लाताम यांच्या स्वस्त भाड्याला 'लाइट' म्हणतात, आणि त्यात ही बॅग नसते. बदल्यात हातातल्या सामानाची मर्यादा मात्र उदार आहे. देशांतर्गत विमानात 10 किलोची बॅग, साधारण 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरची, शिवाय सीटखाली मावेल अशी छोटी पिशवी. चार-पाच दिवसांच्या फेरीला एवढं पुरतं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर, म्हणजे साओ पावलोहून ब्वेनोस आयरेसला वगैरे जाताना, भाड्याचा तपशील डोळ्यांत तेल घालून वाचा. 2025 मध्ये केवळ सीटखालची पिशवी नेऊ देणारी भाडी बाजारात आली आणि त्यावरून तिथल्या संसदेपर्यंत वाद गेला.

23 किलोच्या बॅगेचा दर मार्ग, हंगाम आणि खरेदीची वेळ बघून बदलतो. तिकिटासोबत घेतली तर सर्वांत स्वस्त, काउंटरवर घेतली तर सर्वांत महाग, हा क्रम मात्र कधी बदलत नाही. एक रेआल म्हणजे साधारण 16 रुपये धरून पुढचा हिशेब बघा. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण खऱ्याला धरून आहे. समजा साओ पावलोच्या ग्वारूल्योस विमानतळावरून रिओचं तिकीट 250 रेआलला दिसलं. बॅग काउंटरवर घेतली तर 180, शहरातून विमानतळापर्यंत टॅक्सी 120. झाले 550. दुसरं तिकीट काँगोन्यास विमानतळावरून, बॅगेसकट 400 रेआल, टॅक्सी 40. झाले 440. पहिल्या पानावर दीडशे रेआलने महाग दिसणारं तिकीट प्रत्यक्षात पावणेदोन हजार रुपयांनी स्वस्त पडलं. म्हणून तिकिटांची तुलना करताना आधी 'बॅगेसह' हा पर्याय निवडा आणि मगच स्वस्त-महाग ठरवा.

विमानतळांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. साओ पावलोला तीन विमानतळ लागू पडतात. काँगोन्यास शहराच्या पोटात आहे. तिथे रात्री विमानं उतरत नाहीत, आणि तिथली तिकिटं बहुधा चढी असतात. ग्वारूल्योस हा आंतरराष्ट्रीय विमानतळ, मध्यवर्ती भागापासून पंचवीस-तीस किलोमीटर, आणि त्या शहरातली रहदारी ध्यानात घेता कधीकधी दीड तास. तिसरा विराकोपोस. हा साओ पावलोचा म्हणून विकला जातो खरा, पण तो कांपिनास या वेगळ्या शहरात, जवळजवळ शंभर किलोमीटरवर आहे. अझुलचा मुख्य तळ तिथेच असल्याने तिची स्वस्त तिकिटं पुष्कळदा तिथली असतात. कांपिनासला उतरून साओ पावलो गाठण्याचा वेळ आणि पैसा तिकिटात मिळवा, मग बोला. रिओतही तेच: सांतोस दुमोंत समुद्राला खेटून, शहराच्या मध्यात; गालेआँव वीसेक किलोमीटर उत्तरेला एका बेटावर. काँगोन्यास ते सांतोस दुमोंत हा 1959 पासून चालत आलेला 'हवाई पूल', तासाभराचा, आणि दिवसभर एकामागून एक विमानं. व्यापारी मंडळी त्याचा बसप्रमाणे वापर करतात, त्यामुळे सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे स्वस्त तिकीट शोधण्यात वेळ घालवू नका.

मुंबईहून साओ पावलोला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे ग्वारूल्योसला उतरावं लागतं. त्या तिकिटावर सहसा दोन मोठ्या बॅगांची मुभा असते, आणि पुढचं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं की ती मुभा तिथेच संपते. आखाती कंपन्यांचे ब्राझीलच्या कंपन्यांशी करार आहेत. एकाच तिकिटावर मुंबई ते रिओ किंवा साल्वादोर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्या. बॅगेची मुभा शेवटपर्यंत चालते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. एकच तिकीट असलं तरी ग्वारूल्योसला बॅग पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्क ओलांडून पुन्हा द्यावी लागते, हे धरून मध्ये किमान तीन तास ठेवा. वेगळं तिकीट असेल तर पाच.

तिकीट काढताना तीन अडथळे येतात. पहिला सीपीएफचा. हा तिथल्या नागरिकांचा कर-क्रमांक, आणि तो नसल्यास अर्ज पुढे सरकत नाही असं वाटतं. परदेशी प्रवासी म्हणून पासपोर्टचा पर्याय निवडला की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. दुसरा कार्डाचा. भारतीय कार्ड नाकारलं जाण्याचे प्रकार होतात. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा, दुसरं कार्ड जवळ ठेवा, आणि परकीय चलनावरचे तीन-साडेतीन टक्के खर्चात धरा. 'पिक्स' या तिथल्या झटपट भरणा-पद्धतीने पैसे भरल्यास सवलत, दहा हप्ते बिनव्याजी, ही आमिषं स्थानिक खात्याच्या आणि कार्डाच्या लोकांसाठी आहेत. तिसरा नावाचा. आडनावाच्या चौकोनात आडनाव, आणि पहिल्या चौकोनात पासपोर्टवर आहे तसं स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. स्पेलिंगची चूक चेक-इनपूर्वी कळवली तर कंपनीने ती फुकट दुरुस्त केली पाहिजे, असा नियम आहे.

तिकीट कंपनीकडूनच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्ट 2023 मध्ये '123 मिल्यास' या मोठ्या ऑनलाइन एजन्सीने सवलतीत विकलेली तिकिटं काढून देणं एकाएकी थांबवलं आणि न्यायालयात संरक्षण मागितलं. लोकांचे पैसे अडकले. त्याआधी 2021 च्या डिसेंबरमध्ये, सुट्ट्यांच्या ऐन तोंडावर, इतापेमिरीम गटाची अवघी काही महिने जुनी विमान कंपनी एका संध्याकाळी बंद पडली होती. बाजारभावापेक्षा फारच खाली असलेलं तिकीट दिसलं की हात आखडता घ्यावा.

आता या व्यवहाराची चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे. ब्राझीलच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचा, म्हणजे आनाकचा, ठराव क्रमांक 400 हा प्रवाशाच्या हातातला हुकमी पत्ता आहे. प्रवासाला किमान सात दिवस असताना काढलेलं तिकीट 24 तासांच्या आत रद्द केलं तर एक पैसाही कापता येत नाही. 'परतावा नाही' असं लिहिलेल्या तिकिटावरही विमानतळ शुल्क परत मिळतं, मात्र ते मागावं लागतं. कंपनीने वेळापत्रक बदललं तर 72 तास आधी कळवायला हवं, आणि देशांतर्गत बदल अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल व तो तुम्हाला चालत नसेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. जायचं विमान चुकणार असं दिसलं तर त्याच्या ठरल्या वेळेपूर्वी 'परतीचं तिकीट वापरणार आहे' असं कळवा. देशांतर्गत प्रवासात मग ते रद्द करता येत नाही.

उशिराचे तास मोजत राहा. एक तास झाला की फोन-इंटरनेटची सोय, दोन तासांनी जेवण किंवा त्याचं कूपन, चार तासांनी रात्र काढावी लागत असेल तर हॉटेल आणि तिथवर ने-आण. शिवाय दुसरं विमान, पूर्ण परतावा किंवा अन्य वाहन यांतली निवड. कारण हवामानाचं असलं तरी कंपनीची ही जबाबदारी सुटत नाही. कुरितिबाला हिवाळ्यात धुकं पडतं, साओ पावलोला उन्हाळ्यात दुपारची वादळं येतात, तेव्हा याचा उपयोग होतो. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून तुम्हाला खाली ठेवलं तर देशांतर्गत प्रवासात 250 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) जागच्या जागी द्यावे लागतात. आपल्या हिशेबाने हे तीस हजार रुपयांच्या घरात जातं. कूपन कुणी आपणहून आणून देत नाही. काउंटरवर जाऊन नियमाचा क्रमांक सांगायचा, आवाज चढवायची गरज पडत नाही. तिथे भागलं नाही तर मोठ्या विमानतळांवर छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची खिडकी आहे.

घरची ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आणखी एक सोय आहे. साठी ओलांडलेल्यांना, गर्भवतींना, तान्ह्या बाळासकट आलेल्यांना कायद्याने प्राधान्याची रांग आहे, आणि ब्राझीलमध्ये ती मनापासून पाळली जाते. संकोच न करता तिकडे जा.

विमानात पाणी आणि बिस्किटासारखं काहीतरी बहुधा मिळतं. अझुलचे वेफर्स आणि विमानाच्या आकाराच्या गोळ्या तर तिथल्या लोकांच्या लाडक्या आहेत. पोट भरेल असं काही नसतं. विमानतळावर शाकाहारी माणसाचा हात पाँव जि केज्जू या चीज घातलेल्या गोल पावाकडे जातो. त्यात अंडं असतं, हे चालत नसेल तर लक्षात ठेवा. देशांतर्गत विमानात पाण्याची भरलेली बाटली आत नेता येते, तेवढेच पैसे वाचतात.

आणि विमान हवंच का? साओ पावलो ते रिओ रात्रीची आराम बस सहा-सात तासांत पोचवते, 30 किलोचं सामान फुकट नेते आणि एका रात्रीचं हॉटेल वाचवते. दोघांच्या दोन मोठ्या बॅगा असतील तर या मार्गावर माझं मत बसला. इग्वासू, साल्वादोर, मानाउस यांना मात्र विमानच.

शेवटचं खर्चाचं कलम तिकिटावर कुठेच छापलेलं नसतं. ब्राझीलहून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याजवळ पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. तिकीट काढलंत की त्याच आठवड्यात तिची वेळ घेऊन टाका.