कपाटाचा कोपरा आणि गटाची वही

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर कपाटाच्या कोपऱ्यात हात घालून बघा. आपल्याकडे भिंतीत कडप्प्याचे कप्पे करतात. दोन भिंती मिळतात तिथले कप्पे काटकोनात वळतात आणि आतला कोपरा दिसेनासा होतो. हात पोचत नाही, म्हणून जे नको असतं ते आपण तिकडे ढकलतो. ढकलता ढकलता एक दिवस गटाची जुनी वहीसुद्धा तिकडे जाते.

आणि बँकेत नेमकी तीच लागते! कर्ज देताना गट किमान 6 महिने नीट चालू आहे का, हे बँक बघते. हे 6 महिने खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, तर गटाच्या वह्यांवरून मोजतात. वही ओलीने चिकटली किंवा वाळवीने खाल्ली, तर बैठका घेतल्या, बचत केली, हे दाखवणार कसं? तोंडी सांगून भागत नाही, ताई.

म्हणून पहिलं काम, कोपरा पूर्ण रिकामा करा. बॅटरी लावून भिंत बघा. मातीची बारीक नळीसारखी रेघ दिसली तर ती वाळवीची वाट. मग एक कोरडा वर्तमानपत्राचा कागद आठ दिवस आत ठेवा. कागद मऊ, दमट लागला तर भिंतीला ओल आहे. तिथे कापड ठेवूच नका, पितळेची-स्टीलची भांडी ठेवा.

भिंत कोरडी असेल तर कोपऱ्यासाठी ओढायचा डबा करा. बाजारातला खोका लागत नाही. गोडेतेलाचा 15 किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. तो साधारण 9 इंच रुंद आणि 14 इंच लांब असतो. आधी कप्प्याची उंची मोजा, नाहीतर डबा कापून झाल्यावर आत जात नाही आणि घरातली माणसं हसतात ती वेगळीच. डबा धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून दोनदा धुवा, उन्हात वाळवा. तेलाचा वास राहिला तर कपड्यांना लागतो. मग डबा आडवा ठेवून वरची लांब बाजू कापा. कापताना कडेने अर्धा इंच पत्रा सोडा, तो पकडीने आत दुमडून हातोडीने ठोकून घ्या. ही पायरी टाळू नका, पत्र्याची कड सुरीसारखी कापते. लहान बाजूला दोन भोकं पाडून जाड सुती दोरी ओवा. दोरी एवढी लांब ठेवा, की डबा कोपऱ्यात गेला तरी टोक दाराशी हाताला येईल. बुडाला जुन्या चादरीचा तुकडा चिकटवला की डबा कडप्प्यावर सहज सरकतो.

एक डबा कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी. पुढचा काढायचा, मग दोरी ओढून आतला आडवा सरकवत आणायचा. रोजचं काही आत ठेवलं तर चार दिवसांत कंटाळा येईल. वर्षातून एक-दोनदा लागतं तेच ठेवा. दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील, थंडीचे स्वेटर, धाकट्यासाठी ठेवलेले थोरल्याचे कपडे. भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा, हवा खेळली पाहिजे.

जरीची साडी मात्र तिथे नको. ती मलमलच्या कापडात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवा आणि मधून मधून घडी बदला, नाहीतर जर घडीवर तुटते. डांबरगोळी जरीला लावू नका, जर काळी पडते. त्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, खाऊ समजून तोंडात घालतात. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतं.

राहिली वही. तिची जागा दाराच्या आतल्या बाजूला. जुन्या साडीचा दुहेरी कापडाचा खिसा शिवा आणि दोन खिळ्यांवर डोळ्यांच्या उंचीला टांगा. लोखंडी कपाट असेल तर तारेचे आकडे दाराच्या कडेला अडकवा. चालू वही, भरलेल्या जुन्या वह्या आणि बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवा. वह्या जड झाल्या तर दोन खिसे करा. खिसा कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला आणि गटातल्या एका ताईला दाखवून ठेवा. तुम्ही माहेरी गेलात आणि त्याच दिवशी बँकेचे साहेब गावात आले, तर वही कोणीतरी काढून देऊ शकेल.