जनरल रजिस्टरची छायाचित्रे व त्यांचे रूपांतर

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरातील पाने मोबाइलवर टिपून ठेवण्याचा उपक्रम अनेक शाळांनी स्वयंस्फूर्तीने हाती घेतला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि एका शाळेस भेट दिली असता जे पाहावयास मिळाले, ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. एका माजी विद्यार्थ्याच्या नातवास जातपडताळणीकरिता आजोबांची नोंद हवी होती. मूळ पान वाळवीने खाल्लेले. संगणकावरील चित्रात नाव वाचता येत होते; परंतु जन्मसाल १९५१ की १९५९, हे कोणासच सांगता येईना.

असे का व्हावे? सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड मागावर चढविण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर काढतात, हे आपणांस ठाऊक आहे. संगणकातील चित्रही अशाच बारीक रंगीत चौकोनांचे बनलेले असते. ते चौकोन कोणत्या रीतीने लिहून ठेवावयाचे, याच्या पद्धती मात्र निरनिराळ्या आहेत.

१९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ चौकोनांचे गट पाडते व डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळून टाकते. त्यामुळे चित्र पुष्कळच हलके होते. चेहरा, झाड, सहलीचा देखावा यांस ही काटकसर मानवते. शाईच्या अक्षरांच्या कडा मात्र तिने पुसट होतात आणि प्रत्येक फेरफारानंतर पुन्हा जतन करताना आणखी थोडे गळते. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविल्यास ते आणखी आकसते. पाठवावयाचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

१९९६ ची पीएनजी पद्धत काहीच गाळीत नाही. नकाशे, आकृत्या, स्कॅन केलेली पाने यांस ती योग्य. शाळेच्या बोधचिन्हाची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावयाची असल्यासही तीच वापरावी. जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही, तेथे पांढरा किंवा काळा ठिगळ दिसतो. गूगलने २०१० साली आणलेली वेबपी पद्धत दोन्ही प्रकारे चालते व संकेतस्थळास सोयीची आहे.

आयफोनवर २०१७ पासून आलेली हेइक चित्रे जुन्या संगणकावर बहुधा उघडत नाहीत. तेव्हा काहीजण फाइलच्या नावापुढील अक्षरे बदलतात. बरणीवरील चिठ्ठी बदलल्याने तिखटाची हळद होत नाही! चित्र ज्या साधनात उघडते त्यात उघडून ‘सेव्ह ॲज’ने नवी प्रत करावी, हेच खरे रूपांतर. जेपीईजीचे पीएनजी केल्याने गेलेला तपशील परत येतो, हाही भ्रम आहे. फाइल तेवढी फुगते.

म्हणून मोबाइलने टिपलेली मूळ फाइल, ती जेपीईजी असली तरी, जशीच्या तशी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि कापणे, लहान करणे, रूपांतर करणे हे सर्व प्रतीवर करावे. फाइलच्या नावात रजिस्टर क्रमांक व पान क्रमांक घालावा. स्कॅनर उपलब्ध असल्यास तीनशे डीपीआयवर स्कॅन करून पीएनजीत जतन करावे.

उपरोक्त शाळेत ज्या शिक्षकांनी ते पान टिपले होते, त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये मूळ छायाचित्र सुदैवाने शिल्लक होते. ते मोठे करून पाहिले, तेव्हा शेवटचा अंक एक असल्याचे स्पष्ट दिसले.