बंद पडलेली बोट ओढताना

भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचा प्रसंग मिरकरवाडा, हर्णै, दाभोळच्या आपल्या बोटमालक बांधवांना नवा नाही. अशा वेळी मदतीला जाणे सवाबाचे काम आहे. परंतु बेसावधपणे दोर बांधल्यास दोन्ही बोटी धोक्यात येतात.

प्रथम माणसे, मग बोट. जीव वाचवण्याचे मोल मागू नये. समुद्री कायद्याचा रिवाजही तोच आहे. बोट ओढण्याचा डिझेलखर्च व बुडालेल्या मासेमारीची भरपाई मात्र दोन्ही तांडेलांनी खलाशांच्या साक्षीने आधीच ठरवावी, असे आम्ही सुचवतो. म्हणजे बंदरावर तंटा होत नाही. अडलेल्याची नड पाहून भाव वाढवणे हलाल रोजी कमावणाऱ्याला शोभत नाही.

दोर लांब सोडावा, हळूहळू ताण द्यावा, वेग कमी ठेवावा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटल्यास चाबकासारखा उलटतो. त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. दोर बाजूला आडवा खेचला गेल्यास ओढणारी बोटच कलंडू शकते, म्हणून कोयता हाताशी असावा. बोट आवाक्याबाहेरची वाटल्यास माणसे उतरवून घ्यावीत आणि तटरक्षक दलाला १५५४ क्रमांकावर अथवा व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर कळवावे. बोट पुन्हा बांधता येते.