तंजावरचे श्वार्ट्झ : नम्रतेची कसोटी

तंजावरच्या शिवगंगा तलावालगत, बृहदीश्वराच्या मंदिरापासून फारशा दूर नसलेल्या जागी, १७७९ साली बांधलेले एक साधे चर्च उभे आहे. त्याच्या आत पांढऱ्या संगमरवराचे एक शिल्प आहे. एक वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर पडलेला आहे आणि एक तरुण राजपुत्र त्याचा हात हाती घेऊन उभा आहे, असे दृश्य त्यात कोरलेले आहे. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ; राजपुत्र म्हणजे तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी. हे शिल्प सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. सरफोजी अखेरपर्यंत आपल्या कुलधर्माशी एकनिष्ठ राहिले. असे असता त्यांनी एका परधर्मीय उपदेशकाविषयी एवढी कृतज्ञता का बाळगावी, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता ख्रिस्ती जीवनातील नम्रतेचा अर्थ हळूहळू उलगडत जातो.

मत्तयकृत शुभवर्तमानात येशूच्या परीक्षेचा प्रसंग आला आहे. अरण्यात चाळीस दिवस उपवास केल्यानंतर सैतान त्याच्यापुढे तीन प्रलोभने ठेवतो. दगडांच्या भाकरी कर, हे पहिले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांना थक्क कर, हे दुसरे. आणि जगातील सर्व राज्ये घे, हे तिसरे. यांतील एकही प्रलोभन उघडउघड दुष्ट कृत्याचे नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भुकेल्याला भाकर हवी असते, सत्कार्याला लोकमान्यता हवी असते आणि जगाला चांगला राजा हवा असतो. सज्जनापुढे मोह येतो तो बहुधा सत्कार्याचाच वेष घेऊन येतो. मोह होणे हे पाप नव्हे. त्याला संमती देणे हे पाप, असे ख्रिस्ती धर्मचिंतनात मानले जाते. संमती देण्यापूर्वी मोहाचे खरे रूप ओळखण्याची जी दृष्टी लागते, तिचे मूळ नम्रतेत असते. नम्रता म्हणजे स्वतःचा धिक्कार नव्हे. आपल्या हाती आलेले सामर्थ्य आपले नाही, ते सोपविलेले आहे, याची अखंड जाणीव म्हणजे नम्रता होय.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग येथे झाला. त्यांचे शिक्षण हॅले येथे झाले. ऑगुस्ट हेर्मान फ्रांके यांच्या प्रेरणेने तेथे जी भक्तिपर चळवळ रुजली होती, तिच्यात नित्य आत्मपरीक्षणाला मोठे स्थान होते. १७५० साली ते तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत आले, पुढे तिरुचिरापल्लीस गेले आणि १७७८ पासून तंजावर हेच त्यांचे निवासस्थान झाले. ते अविवाहित राहिले. तमिळ तर त्यांना उत्तम येत होतीच. तंजावरच्या दरबारात संवाद साधता यावा म्हणून त्यांनी मराठीचाही अभ्यास केला. ज्यांना उपदेश करावयाचा त्यांच्या पुढे आधी विद्यार्थी होऊन बसावे लागते. नम्रतेचा हा पहिला पाठ त्यांनी भाषेच्या द्वारे गिरविला.

पहिले प्रलोभन धनाचे. १७७९ साली मद्रासच्या इंग्रज सरकारने हैदर अलीचा मनोदय जाणून घेण्यासाठी श्वार्ट्झ यांना श्रीरंगपट्टणास पाठविले. हैदरचा कंपनीच्या अधिकाऱ्यांवर विश्वास नव्हता. या पाद्र्यावर मात्र होता. निरोप देताना त्याने प्रवासखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. ती नाकारणे हा यजमानाचा अपमान ठरला असता आणि स्वतःजवळ ठेवणे हा दूताच्या निःस्पृहतेला कलंक ठरला असता. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारच्या स्वाधीन केली. सरकारने ती त्यांनीच ठेवावी असा आग्रह धरला, तेव्हा तंजावरात अनाथ मुलांसाठी शाळा काढण्याच्या कामी तिचा विनियोग व्हावा अशी व्यवस्था त्यांनी केली. तहाचा हेतू मात्र साध्य झाला नाही. १७८० साली हैदरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. तरीही श्वार्ट्झ यांना कोणी अडवू नये, अशी आज्ञा हैदरने आपल्या सरदारांना दिली होती.

दुसरे प्रलोभन कीर्तीचे. त्या युद्धात तंजावरच्या प्रदेशाची धूळधाण झाली आणि किल्ल्यात अन्नाचा तुटवडा पडला. गावोगावच्या शेतकऱ्यांजवळ धान्य होते. परंतु पूर्वी दाम न मिळाल्याने राजाच्या वा कंपनीच्या शब्दावर ते आणून देण्यास कोणी राजी नव्हते. अखेर श्वार्ट्झ यांनी आपला शब्द दिला. त्या एका शब्दावर धान्याचे बैल किल्ल्यात आले आणि प्रत्येकाला त्याचे पैसे चुकते झाले. स्वतः खरेदी करून साठविलेला तांदूळही त्यांनी उपाशी लोकांना वाटला. या हकिकतीचा बराचसा भाग आज आपल्याला ठाऊक आहे तो त्यांच्याच १७९४ च्या एका पत्रावरून. ब्रिटिश पार्लमेंटातील एका सभासदाने धर्मोपदेशकांच्या कार्यावर आक्षेप घेतल्यावर उत्तरादाखल ते लिहिले गेले. सत्याच्या रक्षणासाठी स्वतःचे कार्य सांगणे आणि स्वतःची थोरवी गाणे यांच्यामधील सीमारेषा अत्यंत सूक्ष्म असते. नम्र मनुष्याला मौनच शोभते, असे नाही. कधी बोलावे आणि कोणत्या प्रयोजनाने बोलावे, हा त्याच्यापुढील प्रश्न असतो.

तिसरे प्रलोभन सत्तेचे. हीच खरी कसोटी होती. १७८७ साली राजे तुळजाजी मरणोन्मुख असताना त्यांनी भोसले कुळातील दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. राजांचा कोणावर भरवसा असेल तर तो श्वार्ट्झ यांच्यावर होता. मुलाचा सांभाळ त्यांनीच करावा, अशी इच्छा राजांनी व्यक्त केली. बालराजाचा पालक होणे म्हणजे त्या काळी राज्याचा कर्ता होणेच होते. या अधिकाराच्या बळावर किती शाळा काढता आल्या असत्या आणि किती अन्याय दूर करता आले असते, याची कल्पना श्वार्ट्झ यांना नसेल असे म्हणता येत नाही. परंतु राज्यकारभार हे धर्मोपदेशकाचे काम नव्हे, अशा विचाराने त्यांनी नकार दिला आणि राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे पालकत्व द्यावे असे सुचविले.

येथेच कथा संपली असती, तर ती बोधकथांच्या पुस्तकात शोभली असती. प्रत्यक्षात या नकाराची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. तुळजाजींच्या निधनानंतर दत्तकविधान अशास्त्र ठरविण्यात आले आणि अमरसिंग स्वतःच गादीवर बसले. मुलाला कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाची उपेक्षा झाली. सत्तेचा मोह टाळणारा मनुष्य जबाबदारीही टाळीत तर नाही ना, असा प्रश्न येथे उभा राहतो. श्वार्ट्झ यांनी त्यापासून तोंड फिरविले नाही. त्यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या, मुलाच्या रक्षणाची व्यवस्था करविली आणि १७९३ साली त्याला मद्रासला नेले. तेथे त्याच्या अध्ययनाचा भार गेरिके या सहकारी मिशनऱ्याने वाहिला. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला आणि या वेळी निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्याने वैभव दिले तो विद्याव्यासंगी राजा तो हाच.

या चरित्राला मर्यादाही आहेत, आणि त्या लपविणे नम्रतेच्या विषयाला साजेसे नाही. श्वार्ट्झ यांच्या मध्यस्थीमुळे कंपनीचा दरबारातील शिरकाव सुलभ झाला. १७९९ च्या तहाने तर राज्याचा कारभारच कंपनीच्या हाती गेला. त्याचप्रमाणे चर्चमध्ये जातीजातींनी वेगवेगळे बसावे, ही प्रथा त्यांनी मोडून काढली नाही, चालू दिली. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूच्या मंदिरात उच्चनीचतेच्या ओळी राहिल्या, हे शल्य पुढील पिढ्यांना भोगावे लागले. स्वतःपुरता अहंकार जिंकणे एक, आणि समाजात मुरलेल्या अहंकाराशी झुंज घेणे दुसरे. पहिल्यात यशस्वी झालेला मनुष्य दुसऱ्यात अपुरा पडू शकतो.

तथापि मूळ बोध यामुळे उणा होत नाही. प्रलोभनावरील विजय एकदाच मिळवून पेटीत ठेवता येत नाही. धन नाकारणाऱ्याला कीर्तीचा मोह होतो, कीर्ती नाकारणाऱ्यापुढे सत्ता उभी राहते. आणि सत्ताही नाकारली, तरी ‘मी नाकारली’ हा अभिमान दाराशी टपलेला असतोच. श्वार्ट्झ यांचे मोठेपण केवळ नकारात नाही. आपल्या नकाराने एका मुलाची दुर्दशा झाली हे दिसताच, वृद्धापकाळी, मानापमानाचा विचार न करता ते पुन्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले, यात ते आहे. संगमरवरातील तो राजपुत्र ज्या हाताला धरून उभा आहे, तो राज्य नाकारणारा हात होता, आणि मुलाला सोडविणाराही.